लो प्रेशर चिलरची सर्व्हिसिंग : नवीन तंत्रज्ञांसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

स्प्लिट एसी, कोल्ड रूम, पॅकेज युनिट यांवर हात बसलेला माणूस पहिल्यांदा सेंट्रिफ्युगल चिलरसमोर, म्हणजे मोठ्या इमारतीसाठी पाणी थंड करणाऱ्या मशीनसमोर, उभा राहतो, तेव्हा त्याच्या बऱ्याच सवयी तिथे उलट्या पडतात. एरवी लीक झालं की गॅस बाहेर येतो, आवाज येतो, तेलाचा डाग दिसतो. लो प्रेशर चिलरमध्ये आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून लीक झालं तर बाहेरची हवा आत ओढली जाते. आवाज नाही, डाग नाही. मशीन आठवडेच्या आठवडे चालत राहतं आणि फक्त विजेचं बिल वाढत जातं. दुसरी उलटी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गेजचा काटा शून्यावर आला की नवीन माणसाला वाटतं, मशीन रिकामं झालं, आता खोलायला हरकत नाही. इथे शून्य म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला, एवढंच. आत अजून भरपूर गॅस असतो. या लेखातली प्रत्येक पायरी या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून ती आधी डोक्यात पक्की बसवा.

मशीन ओळखा

अंगावर लावलेली नेमप्लेट वाचल्याशिवाय एकही नट सैल करू नका. गॅस कोणता, चार्ज म्हणजे भरलेला गॅस किती किलो, डिझाइन प्रेशर किती, हे सगळं तिथे असतं. ४० अंश सेल्सिअसला ज्याचा दाब ४५ पीएसआय अॅब्सोल्यूटपेक्षा (पीएसआय म्हणजे पौंड प्रति चौरस इंच; अॅब्सोल्यूट दाब पूर्ण पोकळीपासून मोजतात, गेज दाब बाहेरच्या हवेच्या दाबापासून) कमी असतो तो गॅस लो प्रेशर, अशी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची म्हणजे ईपीएची व्याख्या आहे. जुन्या मशीनमध्ये आर-११ किंवा आर-११३ सापडेल, नंतरच्या काळात आर-१२३, आणि आताच्या नव्या मशीनमध्ये आर-१२३३झेडडी किंवा आर-५१४ए.

या गॅसचे उकळबिंदू पाहिले की निम्मं गणित सुटतं. आर-११ हवेच्या साध्या दाबाला २३.७ अंशांवर उकळतो, आर-१२३ साधारण २७.८ अंशांवर, आर-१२३३झेडडी १८ अंशांच्या आसपास. म्हणजे थंड खोलीत उघड्या भांड्यात ठेवलेला आर-१२३ पाण्यासारखा द्रव राहतो. इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे जिथे गॅस उकळून पाणी थंड करतो तिथे, मात्र त्याला ४-५ अंशांवर उकळायला लावायचं असतं. तेवढ्यासाठी आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम ४० टक्के लागतो. त्यामुळे मशीन चालू असताना इव्हॅपोरेटर कायम व्हॅक्यूममध्ये असतो. वाफेचा पुन्हा द्रव होतो त्या कंडेन्सरचा दाब थोडा वर असतो. आर-१२३ ला ३८ अंशांवर तो जेमतेम ६ पीएसआय गेज भरतो. आणि मशीन बंद पडून थंड झालं की कंडेन्सरसुद्धा व्हॅक्यूममध्ये जातो. बंद मशीनमध्ये हवा शिरते ती अशी.

आता रप्चर डिस्क शोधा. इव्हॅपोरेटरच्या शेलवर बसवलेली ही पातळ चकती साधारण १५ पीएसआयला फाटते आणि तिचा पाइप इमारतीबाहेर मोकळ्या हवेत काढलेला असतो. ती मशीन वाचवण्यासाठी असते. पण तुमच्या हातून चुकून दाब चढला, तर सगळा चार्ज तिच्यातून आकाशात जातो. म्हणूनच या मशीनवर काम करताना १० पीएसआयच्या वर जायचंच नाही. हा आकडा पुढे पुन्हा येणार आहे.

प्लांट रूममध्ये शिरण्याआधी

या गॅसना फारसा वास नसतो आणि त्यांची वाफ हवेपेक्षा साडेचार-पाच पट जड असते. सांडलेला गॅस जमिनीलगत, खड्ड्यात, केबल ट्रेंचमध्ये साचतो आणि तिथला ऑक्सिजन बाजूला सारतो. वाकून काम करणारा माणूस चक्कर येऊन पडतो, त्याला उचलायला दुसरा वाकतो आणि तोही पडतो. म्हणून प्लांट रूममध्ये गॅस सेन्सर आणि अलार्म असलाच पाहिजे. अॅशरे या अमेरिकन अभियंता संघटनेच्या १५ क्रमांकाच्या सुरक्षा मानकाची ती अट आहे, आणि गॅस कमी विषारी गटातला असला तरी ती लागू असते. एक्झॉस्ट फॅन चालू आहे ना, ते स्वतः पाहा. अलार्म वाजला तर आत जाऊन लीक शोधत बसायचं नाही. बाहेर या, फॅन चालू करा. आत जाणं अगदीच टळत नसेल तर स्वतःची हवा सोबत असलेला श्वसनसंच घातलेला, प्रशिक्षण घेतलेला माणूसच आत जाईल, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला एक जण बाहेर थांबेल. नाकाला लावायचा फिल्टरवाला मास्क इथे काहीच कामाचा नाही, कारण तो ऑक्सिजन तयार करत नाही.

आर-१२३ बाबत थोडं अधिक जपा. तो बी१ गटात मोडतो, म्हणजे पेट घेत नाही पण विषारीपणा जास्त. दिवसभराच्या कामासाठी ५० पीपीएम ही त्याची मर्यादा मानली जाते. वारंवार संपर्क आला तर यकृताला इजा होऊ शकते. कुठलाही क्लोरीनयुक्त गॅस ज्योतीपाशी किंवा लालबुंद तापलेल्या धातूपाशी पोचला, तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फॉस्जीनसारखे घातक वायू तयार होतात. म्हणून गॅस पूर्ण काढून, खोली हवेशीर करूनच ब्रेझिंग किंवा वेल्डिंग. सिगारेटलाही तोच नियम.

बाकी तयारी थोडक्यात सांगतो. स्टार्टरला लॉकआउट आणि टॅग लावा, कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. बाजूने बंद चष्मा आणि गॅसला टिकणारे हातमोजे घाला. द्रव गॅस डोळ्यात उडाला तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

पर्ज युनिट काय सांगतं

आत शिरलेली हवा गॅसबरोबर फिरत फिरत शेवटी कंडेन्सरच्या वरच्या भागात जाऊन अडकते, कारण ती तिथल्या तापमानाला द्रव होऊ शकत नाही. पर्ज युनिट तिथूनच ओढ घेतं, मिश्रण थंड करतं, गॅसचा द्रव करून तो परत इव्हॅपोरेटरला पाठवतं आणि उरलेली हवा बाहेर सोडतं. जुन्या पर्जमधून हवेबरोबर बराच गॅसही निसटायचा. नव्या जास्त कार्यक्षम पर्जमध्ये हे नुकसान फारच कमी असतं. जुना पर्ज बदलायचा सल्ला मालकाला द्यायला कचरू नका.

माझ्या मते पर्जचा काउंटर हा या मशीनचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार आहे. पर्ज किती वेळ चालला आणि किती वेळा बाहेर हवा सोडली, हे प्रत्येक भेटीत लिहून ठेवा. आकडा वाढायला लागला की कुठेतरी हवा आत येते आहे. पर्जमध्ये पाणी साचत असेल तर गोष्ट अधिक गंभीर आहे, बहुधा ट्यूब गळते आहे. ट्यूबमधल्या पाण्याचा दाब गॅसच्या बाजूपेक्षा जास्त असतो, त्यामुळे पाणी गॅसमध्ये शिरतं. पाणी आणि गॅस एकत्र आले की आम्ल तयार होतं आणि ते मोटरच्या वाइंडिंगपासून बेअरिंगपर्यंत सगळं खातं.

हवा आहे की नाही हे पडताळायची सोपी रीत आहे. कंडेन्सरमधल्या द्रव गॅसचं तापमान नीट मोजा आणि प्रेशर-टेंपरेचर तक्त्यात त्या तापमानाचा दाब बघा. आर-१२३ मध्ये द्रव ३८ अंशांवर असेल तर गेजवर ६ पीएसआयच्या आसपास दिसायला हवं. गेज ९ दाखवतो आहे? गेज बरोबर आहे याची खात्री केल्यावर वरचे ३ पीएसआय हवेचे समजा. ही हवा कॉम्प्रेसरला विनाकारण जास्त दाबाविरुद्ध ढकलायला लावते, वीज खाते, आणि वाढत गेली तर मशीन सर्ज करायला लागतं, म्हणजे कॉम्प्रेसरमधला गॅस उलटा मागे फिरतो. तो धडधडीचा, उचक्या दिल्यासारखा आवाज एकदा ऐकला की पुन्हा विसरत नाही.

लीक शोधणे

व्हॅक्यूममध्ये असलेल्या मशीनवर साबणाचा फेस लावून काही उपयोग नाही, फेस आत ओढला जाईल. लीक शोधायचं तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा जास्त करावा लागतो.

मशीनमध्ये गॅस भरलेला असेल तर दाब वाढवायला नायट्रोजन वापरू नका. ही चूक नवीन माणूस फार सहज करतो. नायट्रोजन द्रव होत नाही, मग तो काढायला पर्ज तासन्‌तास चालतो आणि त्याच्याबरोबर गॅसही जातो. योग्य रीत म्हणजे इव्हॅपोरेटरच्या ट्यूबमधून नियंत्रित गरम पाणी फिरवणं किंवा शेलला हीटिंग ब्लँकेट लावणं. गॅस तापला की दाब आपोआप वर येतो. काटा हळूहळू वर येताना समोरून हलू नका. १० पीएसआयची मर्यादा लक्षात आहे ना? तापवणं बंद केल्यावरही दाब थोडा वर चढतच राहतो, म्हणून आधीच थांबायचं.

आता त्या गॅससाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर घ्या. पहिली जागा ओपन ड्राइव्ह मशीनचं (ज्याची मोटर बाहेर असते) शाफ्ट सील. मग सगळे फ्लँज, गॅस्केट, फ्लेअर जोड, साइट ग्लास, पर्जच्या बारीक नळ्या. गॅस जड असल्यामुळे प्रोब जोडाच्या खालच्या बाजूने फिरवा, आणि सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटरच्या वर नको. आधी खोलीत मोकळी हवा खेळू द्या, पण डिटेक्टर चालवताना फॅनचा झोत थेट जोडावर येऊ देऊ नका.

ट्यूबचा संशय असेल तर वॉटर बॉक्समधलं (ट्यूबच्या टोकांवरच्या पाण्याच्या पेटीतलं) पाणी काढून टाका, व्हेंट बंद ठेवा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग ड्रेन व्हॉल्व्ह उघडून प्रोबचं टोक त्यात धरा. वॉटर बॉक्स खोलायच्या आधीच कळतं की या बाजूला गळती आहे की नाही. नेमकी कोणती ट्यूब हे पाहायला नंतर प्रत्येक ट्यूब वेगळी दाबाखाली तपासावी लागते.

मशीनमधला गॅस पूर्ण काढलेला असेल, तर मात्र कोरडा नायट्रोजनच योग्य. सिलिंडरला रेग्युलेटर हवाच, आणि रेग्युलेटरच्या पुढे रिलीफ व्हॉल्व्ह हवा. भरलेल्या नायट्रोजन सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या पुढे दाब असतो आणि समोरचं शेल एका बारला रप्चर डिस्क फोडणारं आहे, हे विसरून चालणार नाही. ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची हवा कधीच नाही. तेल आणि गॅस यांच्यासोबत त्याचा स्फोट होऊ शकतो.

गॅस काढणे

इथे घाई करणारा माणूस सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून या पायरीवर थोडा जास्त वेळ थांबू या.

सगळ्यात आधी पाणी. गॅस काढताना आतला दाब पडतो, उरलेला द्रव उकळायला लागतो आणि झपाट्याने थंड होतो. ट्यूबमध्ये पाणी स्थिर उभं असेल तर ते गोठतं आणि ट्यूब फुटतात. एका ट्यूबची नाही, सगळ्या बंडलची वाट लागू शकते. त्यामुळे इव्हॅपोरेटर आणि कंडेन्सर दोन्हीतून पाणी फिरत ठेवा आणि काम संपेपर्यंत पंपाकडे लक्ष असू द्या.

गॅस ओढून टाकीत भरणारं रिकव्हरी मशीन बहुतेक वेळा पाण्याने थंड होणारं असतं, त्याची पाण्याची लाइन जोडा. लो प्रेशर गॅसच्या रिकव्हरी टाकीसाठी त्याचा हाय प्रेशर कटआउट १० पीएसआयला लावलेला असतो. टाकीवरही रप्चर डिस्क आहे, तिची तपासणीची तारीख बघा. एका टाकीत एकच गॅस. आर-११ आणि आर-१२३ एकत्र झाले की ते मिश्रण पुन्हा वेगळं करणं जवळजवळ अशक्य असतं, आणि मग नष्ट करण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो. टाकी ८० टक्क्यांच्या वर भरू नका. खाली वजनकाटा ठेवा, अंदाजाने काम नको.

आधी द्रव काढा. खालच्या चार्जिंग व्हॉल्व्हमधून द्रव निघतो आणि रिकव्हरी मशीन टाकीतली वाफ चिलरच्या वरच्या बाजूला ढकलून त्याला मदत करतं. हे काम तुलनेने लवकर होतं. साइट ग्लासमधली पातळी खाली जाते, होजमधून द्रव यायचा थांबतो, गेज शून्याच्या आसपास असतो. दमलेला हात नेमका याच वेळी म्हणतो, झालं.

झालेलं नसतं. ३५० टनांच्या आर-११ चिलरमधला सगळा द्रव काढून दाब शून्य पीएसआय गेजवर असला, तरी आत वाफेच्या रूपात सुमारे १०० पौंड, म्हणजे ४५ किलो गॅस उरलेला असतो. आर-११ ची ओझोन नाशाची क्षमता १ धरली जाते, बाकी गॅसचं मोजमाप त्याच्याच तुलनेत होतं. शंभर वर्षांच्या हिशेबाने तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या ४,००० पटींहून जास्त भर घालतो. म्हणजे त्या वेळी फ्लँज उघडला तर १८० टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं, आणि ज्याने उघडला त्याला काही दिसतही नाही.

म्हणून आता वाफ काढायची. रिकव्हरी मशीनची जोडणी वाफेसाठी बदला आणि ओढत राहा. ईपीएच्या नियमानुसार १५ नोव्हेंबर १९९३ नंतर तयार झालेलं रिकव्हरी मशीन वापरत असाल तर २५ मिलिमीटर पारा अॅब्सोल्यूट दाबापर्यंत जावं लागतं. ही तारीख चिलरची नाही, रिकव्हरी मशीनची आहे. त्याआधीच्या रिकव्हरी मशीनला २५ इंच पारा व्हॅक्यूमची सवलत आहे. हवेचा दाब ७६० मिलिमीटर धरला तर २५ मिलिमीटरला वरच्या उदाहरणातले ४५ किलो साधारण दीड किलोवर येतात. एवढा फरक त्या काही तासांत पडतो. ट्यूबमधून फिरणारं पाणी थोडं कोमट ठेवलं तर वाफ लवकर निघते.

२५ मिलिमीटर गाठलं की रिकव्हरी मशीन बंद करून व्हॉल्व्ह बंद करा आणि काही मिनिटं गेजसमोर नुसते थांबा. काटा जागेवर राहिला तर ठीक. हळूहळू वर सरकायला लागला तर आत कुठे तरी द्रव अजून साचलेला आहे, किंवा तेलात विरघळलेला गॅस बाहेर पडतो आहे. पुन्हा ओढा, पुन्हा थांबा. मशीनला इतकी मोठी गळती असेल की एवढं खोल व्हॅक्यूम लागतच नाही आणि हवा ओढून टाकीतला गॅसच खराब होतो आहे, तर शक्य तेवढं खाली जा. शून्य पीएसआय गेजपर्यंत तरी आणणं भागच आहे. आणि तसं का करावं लागलं ते लिहून ठेवा.

काढलेला गॅस गाळून, वाळवून त्याच मालकाच्या मशीनमध्ये परत भरता येतो. दुसऱ्याला विकायचा असेल तर मात्र मान्यताप्राप्त शुद्धीकरण केंद्रात तो एएचआरआय ७०० या गॅसच्या शुद्धतेच्या मानकाइतका शुद्ध व्हावा लागतो.

तेल बदलणे

तेल गॅस शोषून घेतं, आणि तेल जितकं थंड तितका गॅस जास्त. म्हणून काढण्याआधी ऑइल हीटरने ते ५४ अंशांच्या आसपास तापवतात आणि त्यातून निघालेला गॅस रिकव्हर करतात. ईपीएच्या नियमात तेल काढताना दाब जास्तीत जास्त ५ पीएसआय गेज असावा अशी अट आहे. साइट ग्लासमधून बघितलं तर दाब उतरत असताना तेलाला उकळी आल्यासारखा फेस येतो. हळूहळू बुडबुडे मोठे आणि विरळ होत जातात, मग पृष्ठभाग शांत होतो. तोवर ड्रेनला हात लावू नका. काढलेल्या तेलाचा नमुना बाटलीत घ्या, आम्ल आणि ओलाव्याची चाचणी करून घ्या. वापरलेलं तेल साध्या गटारात किंवा भंगारात नाही, परवानाधारक संकलकाकडेच जातं.

खोलणे

कॉम्प्रेसर, कंडेन्सर किंवा इव्हॅपोरेटर काढायचा असेल तर वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण रिकव्हरी. छोटं काम असेल, एखादा सेन्सर किंवा गेज कॉक बदलायचा असेल, तर पूर्ण गॅस काढण्याऐवजी गरम पाण्याने किंवा ब्लँकेटने आतला दाब शून्य पीएसआय गेजवर आणून काम करता येतं. शून्याच्या वर नको, गॅस बाहेर जाईल. खाली नको, दमट हवा आत जाईल. इथेही नायट्रोजन वापरायचा नाही. गॅस्केट, साधनं, नवीन सुटा भाग सगळं हाताशी ठेवूनच जोड उघडा. छिद्र उघडं ठेवून कोणाला दुकानात पाठवायचं नाही.

व्हॅक्यूम मारणे

दुरुस्तीनंतर आत हवा आणि ओलावा दोन्ही असतात. हवा लवकर निघते, पाणी नाही. पाणी उकळवूनच काढावं लागतं, आणि २५ मिलिमीटर दाबाला ते २६ अंशांवर उकळतं. म्हणून खोली आणि शेल थंड असतील तर व्हॅक्यूम पंप कितीही चालवा, काम होत नाही. होज आखूड आणि जाड ठेवा. मॅनिफोल्डच्या बारीक होजमधून एवढं मोठं शेल रिकामं करायला जाणं म्हणजे वेळ वाया घालवणं. आत साचलेलं पाणी असेल तर आधी खालून काढून टाका. पंप फार मोठा असेल तर पाणी उकळता उकळता गोठतं आणि आत बर्फ होऊन बसतं. तसं होतंय असं वाटलं तर थोडा कोरडा नायट्रोजन सोडून दाब वर आणा.

साधा कंपाउंड गेज इथे आंधळा आहे. इलेक्ट्रॉनिक व्हॅक्यूम गेज वापरा, आणि तो पंपापाशी न लावता मशीनच्या दूरच्या टोकाला लावा. १ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत पोचल्यावर पंप वेगळा करून होल्ड टाका, म्हणजे दाब टिकतो का ते बघत थांबा. अॅशरेच्या मार्गदर्शनानुसार तिथून दाब २.५ मिलिमीटरच्या वर गेला तर लीक शोधायला लागायचं. वाढ कशी होते तेही बघा. दाब थोडा चढून एका ठिकाणी थांबला तर बहुधा ओलावा शिल्लक आहे. थांबायचं नावच घेत नसेल तर गळती आहे.

हर्मेटिक, म्हणजे गॅसच्या आतच बंद केलेली मोटर असलेल्या मशीनमध्ये खोल व्हॅक्यूम असताना मोटर सुरू करू नका, आणि मेगरही (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावू नका. विरळ हवेत वाइंडिंगमध्ये ठिणगी उडते आणि मोटर जळते.

गॅस भरणे

ताज्या व्हॅक्यूममध्ये थेट द्रव सोडला तर तो आत शिरताच उकळून शून्याखाली जातो आणि ट्यूबमधलं पाणी गोठतं. म्हणून पाणी फिरत ठेवून आधी वाफच भरा. आतल्या दाबाला जुळणारं तापमान शून्याच्या वर, साधारण २ अंशांवर येईपर्यंत वाफ. आर-११ ला यासाठी गेजवर १६.९ इंच पारा व्हॅक्यूम दिसावं लागतं. इतर गॅससाठी त्यांचा तक्ता बघा. त्यानंतर इव्हॅपोरेटरच्या खालच्या चार्जिंग व्हॉल्व्हमधून द्रव सोडा. ड्रम उन्हात किंवा गरम खोलीत राहिला असेल तर त्यात दाब चढलेला असतो, तो थंड होऊ द्या आणि झाकण हळू उघडा. नेमप्लेटवरचं वजन भरायचं, काट्यावर मोजून.

कायदा आणि नोंदी

१९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर आर-११ चं उत्पादन विकसित देशांत १९९५ अखेर आणि विकसनशील देशांत २०१० मध्ये थांबलं. आर-१२३ एचसीएफसी (ओझोनला तुलनेने कमी इजा करणारा गट) आहे आणि तोही टप्प्याटप्प्याने बाहेर जातो आहे. अमेरिकेत २०२० पासून नव्या मशीनसाठी तो बनवता येत नाही. म्हणजे तुमच्या हातातल्या मशीनमधला गॅस बऱ्याचदा पुन्हा बाजारातून सहज मिळणारा नसतो, आणि जो काढला तोच परत वापरायचा असतो. जाणूनबुजून गॅस हवेत सोडणं अमेरिकेत १ जुलै १९९२ पासून बेकायदा आहे. तिथे प्रमाणपत्राशिवाय या मशीनवर काम करता येत नाही, आणि लो प्रेशरसाठी वेगळी परीक्षा असते. तुम्ही जिथे काम करता तिथली तरतूद वेगळी असू शकते. कामाचा पहिला दिवस ती वाचण्यात घालवा, मालक सांगतो तेवढ्यावर विसंबू नका. तिथला आकडा आणि ईपीएचा आकडा यांपैकी कडक असेल तो पाळा.

ओझोन नाश करणाऱ्या गॅसचा ५० पौंड किंवा त्याहून जास्त चार्ज असलेल्या वातानुकूलन यंत्राचा वर्षभराचा गळतीचा दर १० टक्क्यांच्या वर गेला, तर ईपीएच्या नियमात साधारण ३० दिवसांत दुरुस्ती करून ती टिकली आहे हे तपासणीने सिद्ध करावं लागतं. हा दर काढायचा कसा? किती गॅस भरला हे तारखेसकट लिहिलेलं असेल तरच. म्हणून प्रत्येक भेटीला या गोष्टी नोंदवा: तारीख, तुमचं नाव, किती किलो काढला, किती भरला, लीक कुठे सापडलं, काय बदललं, होल्ड किती वेळ टाकला आणि सुरुवातीचा व शेवटचा दाब किती होता. कागद किमान तीन वर्षं जपून ठेवा.

आणि मशीन चालू करून निघताना पर्जचा काउंटर लिहून घ्या. आठवड्याभराने परत जाऊन तोच आकडा पाहा. तो कमी झाला असेल तर दुरुस्ती खरंच लागली, नसेल तर दुसरा लीक शोधायचा आहे.